कोंड्यात काय गेलं?

उकड्या तांदळाची, म्हणजे सालीसकट उकडून, वाळवून मग सडलेल्या तांदळाची, पेज ही काही मिरवायची गोष्ट नव्हे. लालसर, किंचित उग्र वासाची, वर दाटसर पाणी आणि खाली टपोरी शितं. सोबत खारातली कैरी, नाहीतर चुलीत भाजलेला खारा बांगडा, आणि घरात काहीच नसेल तर नुसती खोबऱ्याची कातळी. कुडाळ-सावंतवाडीकडे सकाळी दहाच्या सुमाराला पेज व्हायची आणि शेतात राबणारा माणूस तिच्यावर दुपार काढायचा. पुण्यात आल्यावर माझ्या लक्षात आलं की घाटावरच्या लोकांच्या हातात हा तांदूळ दिला की ते आधी वास घेतात आणि मग चेहरा शक्य तितका सभ्य ठेवून विचारतात, "जुना आहे का?"

आता तोच तांदूळ त्याच पुण्यात एक किलोच्या झिपवाल्या पाकिटात मिळतो. पाकिटावर मातीचं मडकं, केळीचं पान आणि 'पूर्वजांचं आरोग्यरहस्य' अशी ओळ. किंमत वाचून आजीने कपाळावर हात मारून घेतला असता. किमतीचं मला एवढं वाटत नाही, शेतकऱ्याच्या हातात चार पैसे गेले तर बरंच आहे. त्या 'रहस्य' शब्दावर मात्र माझं अडतं. कारण उकड्या तांदळाची खरी हकीकत अशी आहे की तिच्यातल्या जवळजवळ प्रत्येकाने बरोबर गोष्ट केली ती चुकीच्या किंवा भलत्याच कारणासाठी. आणि ज्यांच्याकडे त्या काळचं सर्वांत पक्कं, सर्वांत आधुनिक कारण होतं, त्यांनी हजारो माणसं मारली.

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. त्यामुळे मी या तांदळाकडे गेलो तो पोटाच्या वाटेने नाही, उजेडाच्या वाटेने. साध्या कच्च्या तांदळाचा, म्हणजे आमच्याकडच्या सुरय तांदळाचा, एक दाणा चिमटीत धरून खिडकीसमोर न्या. बऱ्याच दाण्यांच्या पोटाशी खडूसारखा पांढरा डाग दिसेल. उकड्याचा दाणा धरला तर तो डाग नाही. दाणा अंबरासारख्या रंगाचा आणि अर्धपारदर्शक असतो. रंग सालीतून आणि कोंड्यातून उतरतो हे समजू शकतं, पण उजेड आरपार कसा जायला लागला?

तांदळाच्या दाण्यात स्टार्चचे अगदी बारीक, काही मायक्रॉन आकाराचे कण एकमेकांना खेटून बसलेले असतात. जिथे ते सैल बसलेत तिथे मध्ये हवा राहते. प्रकाश स्टार्चमधून हवेत, हवेतून पुन्हा स्टार्चमध्ये शिरताना प्रत्येक सीमेवर वळतो, विखुरतो आणि शेवटी आल्या दिशेने बराचसा परत येतो. तोच आपल्याला पांढरा डाग म्हणून दिसतो. आता दाणा भिजवून तापवला की साधारण ६५ ते ७५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान स्टार्चची आतली स्फटिकासारखी रचना मोडते, कण पाणी पिऊन फुगतात आणि मधल्या फटी बुजवून टाकतात. हवा गेली, सीमा गेल्या, प्रकाश सरळ पार. भज्यांखालचा कागद तेल पिऊन पारदर्शक होतो, त्यातली आणि यातली गोष्ट एकच आहे.

फटी बुजण्याचा दुसरा परिणाम गिरणीवाल्याला जास्त प्यारा. कच्च्या दाण्याला शेतातच, ऊन आणि दव यांच्या माऱ्याने, केसाएवढ्या बारीक चिरा पडलेल्या असतात. सडताना तो दाणा त्या चिरेवरच तुटतो आणि कणी होते. उकडलेल्या दाण्यातल्या चिरा स्टार्चच फुगून सांधतो. दाणा काचेसारखा कडक होतो आणि मुसळाखाली टिकतो.

आमच्याकडे भात उकडायचं ते कापणी-मळणी आटोपून आभाळ स्वच्छ झाल्यावर. सालीसकट भात आदल्या दिवशी भिजत घालायचं. सकाळी तांब्याच्या मोठ्या भाणात भरून अंगणातल्या चुलीवर चढवायचं, पाणी जेमतेम घालायचं आणि तोंडावर गोणपाट दाबून बसवायचं. वाफ गोणपाटातून यायला लागली की त्या वासाने अख्खी वाडी ओळखायची की आज कोणाकडे काय चाललंय. आजी मधूनच गोणपाट उचलून चार दाणे काढायची आणि बघायची की साल टोकाशी उकलली का. उकलली की लगेच उतरवायचं. आणखी पाच मिनिटं राहिलं तर दाणा फाटून बाहेर येतो आणि मग ते ना भात ना तांदूळ.

पण खरी मेख वाळवण्यात होती. भात अंगणात पसरायचं, पायाने ओळी ओढत वरखाली करायचं. सुकत आलं, पण पुरतं सुकलं नाही, अशा वेळी आजी चक्क कडक ऊन असताना ते सगळं गोळा करून ढीग करायची आणि वर गोणपाट टाकायची. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन. आम्हा पोरांना हे काही केल्या पटायचं नाही, कारण पसरणं आणि गोळा करणं दोन्ही आमच्याच अंगावर यायचं. "आज ऊन आसा मा, मगे?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "नायतर कणी होता."

म्हैसूरला केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे, सीएफटीआरआय. १९५० साली सुरू झालेली. तिथे १९६० च्या दशकात के. आर. भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उकड्या भाताच्या वाळवणीवर काम केलं. दाण्यातला ओलावा १६ टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत भात कितीही झपाट्याने वाळवा, फारसं बिघडत नाही. त्याच्याखाली मात्र न थांबता वाळवत राहिलात तर दाणे तडकतात. बाहेरचा थर सुकून आकसलेला आणि आतला अजून ओला, या ताणात दाणा फुटतो. उपाय असा की मध्ये थांबायचं, भात झाकून काही तास तसंच ठेवायचं म्हणजे आतलं पाणी बाहेरच्या थरापर्यंत येऊन ताण उतरतो, आणि मग उरलेलं वाळवायचं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्या मोठ्याने हसलो. गोणपाटाखालचा ढीग!

इथेच पाकिटवाला म्हणेल, बघा, पूर्वजांना ठाऊक होतं. ठाऊक होतंच, पण काय ठाऊक होतं? कणी कशी टाळायची, हे ठाऊक होतं. उकडल्याने साल लवकर सुटते, व्हायनात, म्हणजे उखळात, मुसळ कमी वेळा उचलावं लागतं, तांदळाला कीड कमी लागते, पेज पोटात जास्त वेळ टिकते. ही सगळी कारणं खरी आणि हाताशी असलेली. नसांचा, हृदयाचा, जीवनसत्त्वाचा विचार त्यात कुठेही नव्हता. असता तर आमच्या घरात पाहुण्याच्या पानात पांढराशुभ्र सुरय आणि गड्याच्या थाळीत उकडा, अशी वाढ झाली नसती. अक्षतांना सुरय, नैवेद्याला सुरय, जावई आला की सुरय. आरोग्याचं रहस्य ज्या तांदळात होतं तो तांदूळ आम्ही पाहुण्यांपासून लपवत होतो.

तो दाणा उकडताना आत आणखी एक गोष्ट घडत होती, ती दिसायला माणसाला जावा बेटापर्यंत जावं लागलं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आग्नेय आशियात वाफेवर चालणाऱ्या भातगिरण्या आल्या. तोवर हाताने सडलेल्या तांदळावर थोडातरी कोंडा राहायचा. गिरणीतून निघाला तो चकचकीत, गुळगुळीत, निव्वळ पांढरा दाणा. तेलकट कोंडा गेल्याने तो खवट होत नाही, जहाजात महिनोन्‌महिने टिकतो, दिसायलाही श्रीमंती. तुरुंग, पलटणी, मळे, खाणी, जहाजं, जिथे म्हणून शेकडो माणसांना एका कोठारातून जेवू घालायचं होतं तिथे हाच तांदूळ गेला. आणि त्याच ठिकाणी माणसांचे पाय लुळे पडू लागले, अंगावर सूज चढू लागली, धडधाकट तरुण छाती धरून कोसळू लागले. बेरीबेरी.

डच सरकारने बटेव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, या रोगाचा जंतू शोधायला मंडळी पाठवली. काळच तसा होता, कॉख आणि पाश्चर यांचा. प्रत्येक रोगामागे जंतू सापडत होता, मग याच्या मागेही असणार. क्रिस्तियान आइकमन हा स्वतः कॉखच्या हाताखाली शिकलेला डॉक्टर, तिथल्या छोट्या प्रयोगशाळेचा प्रमुख झाला. जंतू टोचून बघायला कोंबड्या पाळल्या. त्या कोंबड्या लंगडू लागल्या, माना टाकू लागल्या. पण टोचलेल्याही आणि न टोचलेल्याही! आणि मग एक दिवस सगळ्या आपोआप बऱ्या झाल्या.

या गोष्टीतलं माझं सर्वांत आवडतं पात्र म्हणजे लष्करी इस्पितळाचा स्वयंपाकी, ज्याचं नावही कोणी लिहून ठेवलेलं नाही. आइकमनने पुढे नोबेलच्या व्याख्यानात हे सांगितलं आहे. पैसे वाचावेत म्हणून कोंबड्यांना इस्पितळातला उरलेला शिजलेला पांढरा भात घातला जात होता. मग स्वयंपाकी बदलला. नव्याने ठणकावलं की लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना मिळणार नाही. कोंबड्या पुन्हा साध्या, कोंड्यासकटच्या तांदळावर आल्या. १७ जून ते २७ नोव्हेंबर एवढाच काळ त्या पॉलिश भातावर होत्या. रोग उगवला १० जुलैला, ओसरला नोव्हेंबरच्या अखेरीस. आपल्याकडच्या सरकारी कचेरीत शोभेल अशा त्या हेकटपणातून जीवनसत्त्वांच्या विज्ञानाचं दार किलकिलं झालं.

आइकमनला कोंड्यात काहीतरी आहे हे कळलं. काय आहे, हे मात्र त्याने चुकीचं मांडलं. त्याच्या मते स्टार्चमध्ये एक विष असतं आणि कोंड्यात त्यावरचा उतारा. जंतूंच्या जमान्यातल्या डॉक्टरला रोग म्हणजे काहीतरी वाईट आत शिरणं, एवढंच दिसत होतं. काहीतरी चांगलं आत न शिरल्यानेही माणूस मरू शकतो, ही कल्पनाच तेव्हा डोक्यात बसायला अवघड होती. ती मांडली त्याच्या जागी आलेल्या खेरित ग्रेन्सने, १९०१ मध्ये. त्याने कोंड्याशिवाय आणखी एक औषध दाखवलं: हिरवे मूग. पेजेबरोबर मुगागाठी खाणाऱ्या मालवणी माणसाला हे वाचून थोडं फुशारायचा मोह होतो, पण मघाशीच मी पाकिटवाल्याला झोडपलं आहे तेव्हा गप्प बसतो.

कोंबड्यांवरून माणसांवर यायला आकडे लागत होते. ते आणले अडॉल्फ फोर्डरमन नावाच्या आरोग्य निरीक्षकाने. जावा आणि शेजारच्या मदुरा बेटावरचे १०१ तुरुंग, जवळजवळ पावणेतीन लाख कैदी. कोणत्या तुरुंगात कोणता तांदूळ, किती जणांना बेरीबेरी. त्याने इमारतींचं वय पाहिलं, हवा खेळते का पाहिलं, गर्दी पाहिली, म्हणजे नंतर कोणी 'दमट कोठड्यांमुळे झालं' म्हणायला नको. १८९७ मध्ये निष्कर्ष आला. कोंड्यासकट तांदूळ खाणाऱ्यांत दहा हजारांत एक रोगी. पांढरा खाणाऱ्यांत दर ३९ जणांत एक.

आणि उकडा? तो चित्रात आला मलायात. तिथल्या रबराच्या मळ्यांवर, रस्त्यांच्या कामांवर, कथलाच्या खाणींत तमिळ आणि चिनी मजूर होते. चिनी मजूर बेरीबेरीने पटापट मरत होते, तमिळ मजुरांना ती जवळपास होतच नव्हती. तमिळ मजूर हिंदुस्थानातून येणारा उकडा तांदूळ खात होते, चिनी मजूर सयाम-रंगूनचा कच्चा पांढरा. विल्यम ब्रॅडन या डॉक्टरने हे नेमकं हेरलं आणि १९०७ मध्ये त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याचं कारणही चुकीचं होतं. त्याला वाटलं की साठवलेल्या कच्च्या तांदळावर बुरशी येऊन विष तयार होतं, आणि उकडल्याने ते टळतं. क्वालालंपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात विल्यम फ्लेचरने १९०५ च्या अखेरीस रुग्णांचे दोन गट केले, एकाला कच्चा तांदूळ, दुसऱ्याला उकडा. वर्षभरात कच्च्या गटातले १८ जण बेरीबेरीने गेले. उकड्याच्या गटात त्या रोगाने कोणी मेलं नाही.

इथे थांबून एक गोष्ट बोलायला हवी. कैदी, खलाशी, शिपाई, हमाल, मनोरुग्ण. या संशोधनातला एकेक आकडा अशा माणसांचा आहे ज्यांच्या ताटात काय पडणार हे दुसरा कोणी ठरवत होता. म्हणून तर आकडे इतके स्वच्छ आले! जो माणूस स्वतःच्या मर्जीने बाजारात जातो, कधी मासा आणतो, कधी शेजारच्या घरी जेवतो, त्याच्यावर असा प्रयोग जमतच नाही. त्या अठरा जणांना कोणी विचारलं नव्हतं.

आता ज्यांच्याकडे पक्कं कारण होतं त्यांच्याकडे वळतो. जपानच्या आरमारात ताकाकी कानेहिरो नावाचा डॉक्टर होता, लंडनला शिकून आलेला. १८८२-८३ मध्ये 'रियुजो' जहाज २७२ दिवसांच्या सफरीवर गेलं, ३७६ जणांपैकी १६९ जणांना बेरीबेरी झाली, २५ मेले. ताकाकीने सरकारच्या मागे लागून पुढच्या सफरीचा, 'त्सुकुबा' जहाजाचा, शिधाच बदलला. भात कमी, पाव, मांस, दूध, जव जास्त. तोच मार्ग, जवळपास तेवढेच दिवस. या वेळी १४ आजारी, मृत्यू एकही नाही. ताकाकीचं म्हणणं असं की जेवणात प्रथिनं कमी पडतात म्हणून रोग होतो. चूक! पण आरमार वाचलं.

सैन्याचे डॉक्टर मात्र जर्मनीत शिकलेले, जंतुशास्त्रात पारंगत. मोरी रिंतारो त्यांतला हुशार. या मंडळींनी ताकाकीला विचारलं, तुझ्या सिद्धांताला आधार काय? तो खरोखर कच्चा होता. मग त्यांनी स्वतः सैनिकांवर आहाराचे काटेकोर प्रयोग केले, उष्मांक मोजले, नायट्रोजनचा हिशेब मांडला, आणि पांढरा तांदूळच उत्तम असं सिद्ध केलं. मोजमापात खोट नव्हती. पण जे मोजायला हवं होतं त्याचं नावच अजून जन्माला आलेलं नव्हतं. १९०४-०५ च्या रशियाविरुद्धच्या युद्धात जपानी सैन्यातल्या सुमारे अडीच लाख शिपायांना बेरीबेरी झाली आणि २७ हजारांच्या आसपास मेले. शत्रूने नव्हे, शिध्याने. ताकाकीला पुढे सरदारकी मिळाली तेव्हा लोकांनी त्याला प्रेमाने 'जवाच्या भाताचा सरदार' म्हटलं.

वर्गात मी मुलांना नेहमी सांगतो की उपपत्तीशिवाय निरीक्षण आंधळं असतं. हे प्रकरण वाचल्यापासून ते वाक्य जरा जपून वापरतो.

कोंड्यातला तो पदार्थ हातात यायला १९२६ साल उजाडलं. त्याच बटेव्हियातल्या प्रयोगशाळेत यान्सेन आणि डोनाथ यांनी शेकडो किलो कोंड्यातून चिमूटभरसुद्धा नाही एवढे स्फटिक काढले. त्याच्या रेणूत गंधक आहे हे मात्र त्यांच्या नजरेतून निसटलं, आणि त्यामुळे पुढच्यांची काही वर्षं गेली. अखेर १९३६ मध्ये रॉबर्ट विल्यम्सने तो कृत्रिमरीत्या बनवला. हा विल्यम्स जन्मला आपल्याकडच्या नेल्लोरला, मिशनरी आईबापांच्या पोटी. १९१० पासून मनिलात तो या कोंड्याच्या अर्काने बेरीबेरीची तान्ही बाळं बरी होताना पाहत होता. पदार्थाचं नाव थायमिन, ओळखीचं नाव जीवनसत्त्व ब१. पेशींना साखरेतून ऊर्जा काढताना मध्ये हा लागतोच. आणि माणसाच्या शरीरात त्याचा साठा असतो अवघा तीसेक मिलिग्रॅम, आत काही आलं नाही तर दोन-तीन आठवड्यांत तळ दिसतो. नसा आणि हृदय यांना ऊर्जेची सतत भूक, म्हणून आधी तेच कोलमडतात.

आता भाणात परत या. ब१ दाण्यात सगळीकडे सारखा नसतो. तो कोंड्यात आणि विशेष करून अंकुराच्या पातळ पडद्यात एकवटलेला असतो, म्हणजे गिरणी पहिल्यांदा जे खरवडून फेकते नेमकं तिथे. पण तो पाण्यात विरघळतो. सालीसकट दाणा भिजतो आणि तापतो तेव्हा पाणी आत शिरताना त्यालाही आत घेऊन जातं, आणि फुगलेला स्टार्च थंड होऊन कडक झाला की तो तिथेच अडकतो. नंतर कितीही सडा, कोंड्याबरोबर सगळा जात नाही. पॉलिश केलेल्या कच्च्या तांदळापेक्षा तसाच पॉलिश केलेल्या उकड्यात ब१ ढोबळमानाने तिप्पट भरतो. चिरा सांधणारी, उजेड पार करणारी, जीवनसत्त्व कोंडून ठेवणारी घटना एकच आहे. आपण तिला तीन विभागांत, तीन इमारतींत शिकवतो.

हिंदुस्थानातही पुरावा डोळ्यांसमोर होता. आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावर, जिथे कच्चा गिरणीचा तांदूळ खाण्याची रीत होती, तिथेच बेरीबेरी ठाण मांडून होती. उकडा खाणाऱ्या मुलखांत ती क्वचित. निलगिरीतल्या कुन्नूरच्या प्रयोगशाळेत आधी मॅकॅरिसन आणि मग ॲक्रॉइड यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. केंब्रिजहून डॉक्टरेट घेऊन आलेल्या आपल्या कमला सोहोनी याच प्रयोगशाळेत काही काळ जीवनसत्त्वांवर काम करत होत्या. ही प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला गेली आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली.

मधुमेहाचं विचाराल, कारण पाकिटावर तेही असतं, तर तिथे एवढा सरळ हिशेब नाही. उकडल्यावर थंड झालेला स्टार्च काही अंशी पुन्हा घट्ट बांधला जातो आणि पचायला वेळ घेतो. पण रक्तातली साखर किती सावकाश चढेल हे तांदळाच्या जातीवर, किती कडक उकडलंय यावर आणि मुळात ताटात किती वाढून घेतलंय यावर ठरतं. काही प्रयोगांत चांगला फरक दिसतो, काहींत जेमतेम. उकडा आहे म्हणून दोन वाट्या जास्त खाणारे माझ्या नात्यातच आहेत. आणि पश्चिम बंगालच्या काही भागांत तर भात उकडायचं पाणीच आर्सेनिकचं, तिथे भिजताना आर्सेनिकही दाण्यात शिरतं. पाणी काय आत नेतंय हे पाण्याला कुठे कळतं.

बेरीबेरी पुस्तकात गेली असं वाटत असताना अलीकडच्या वर्षांत काश्मीर आणि कर्नाटकातल्या बालरोगतज्ज्ञांनी ती पुन्हा ओळखली. दोन-चार महिन्यांची बाळं, अंगावर पिणारी, अचानक धाप लागलेली, हृदयाच्या उजव्या बाजूवर प्रचंड ताण. थायमिनचं इंजेक्शन दिलं की काही तासांत सुधारू लागतात. आईच्या आहारात पांढरा तांदूळ, तोही पुन्हापुन्हा धुतलेला आणि वेळून पाणी टाकलेला, वर बाळंतपणातलं पथ्य म्हणून भाज्या-डाळी बंद. ज्या घरात तिची सर्वांत जास्त काळजी घेतली गेली त्याच घरात हे घडतं, हे वाचून मला फार वेळ दुसरं काही सुचलं नाही.

सरकारने अलीकडच्या वर्षांत वेगळी वाट धरली. रेशनच्या तांदळात शंभर दाण्यांमागे एक बनवलेला दाणा मिसळायचा. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि ब१२ कालवून, यंत्रातून उष्णतेने आणि दाबाने दाबून काढलेला. म्हणजे पुन्हा तोच स्टार्चचा खेळ, फक्त या वेळी आत काय कोंडायचं हे माणसाने ठरवलेलं. ब१ त्यात सक्तीचा नाही. या योजनेवर तज्ज्ञांत वाद आहेत, सगळ्यांनाच सरसकट लोह द्यावं का हा त्यातला मोठा. मला स्वतःला वाटतं, मूग, भाजी आणि अंडं परवडेल अशी मजुरी दिली तर यंत्र लागणार नाही. पण तोवर यंत्राला नाक मुरडणं हे माझ्यासारख्या पोटभर जेवणाऱ्याला शोभत नाही.

गावी काकीकडे गेलो होतो तेव्हा ती पडवीत सूप घेऊन रेशनचा तांदूळ निवडत होती. बाजूला वाटीत वेगळे काढलेले दाणे. थोडे पिवळट, थोडे बोथट, बाकीच्यांसारखे पण नाहीत. "सरकार आता तांदूळ पण खोटो देता काय रे? पाण्यात घातलो तर वर तरंगता." मी तिला सगळं समजावून सांगितलं, लोह, रक्त, यंत्र, सगळं. तिने ऐकून घेतलं. आयुष्यभर सुपात जे वेगळं दिसलं ते काढून टाकलं म्हणून घरात कोणाच्या दाताखाली खडा आला नाही, अशी ती बाई. तिचं कारण मला खोडून काढता येईना. शेजारची आशाताई त्याच सुमाराला आली, तिने वाटी उचलली, ते दाणे पुन्हा सुपात ओतले आणि म्हणाली, "काकी, तुमच्या सुनेचा हिमोग्लोबिन आठ आसा. ह्ये दाणे टाकूचे नाय."

काकीने सूप एकदा हलवलं आणि विचारलं, "मगे पेजेचा पाणी काढलेला चलात?"

"ता पण टाकू नको," आशाताई म्हणाली.